सुरक्षेचे सोवळे

विमानतळावरील तपासणीच्या रांगेत उभ्या असलेल्या सुशिक्षित प्रवाशाला जे अनेक हुकूम मुकाट्याने मानावे लागतात, त्यांत लॅपटॉप बॅगेतून बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवण्याचा हुकूम सर्वांत परिचित आहे आणि सर्वांत अनाकलनीयही. प्रवासी तो ऐकतो, मनातल्या मनात चरफडतो आणि पुढे सरकतो. असे का, हे विचारण्याची त्याची छाती होत नाही. विचारलेच, तर ‘नियम आहे’ एवढे दोन शब्द त्याच्या अंगावर फेकले जातात. ‘नियम आहे’ हे उत्तर नव्हे. उत्तर नाकारण्याची ती एक सरकारी पद्धत होय. या क्षुल्लक भासणाऱ्या प्रसंगात आपल्या राज्यकारभाराचा एक जुना दोष दडलेला आहे, आणि विमानात बसणाऱ्यांच्या जिवाशी त्याचा थेट संबंध आहे, असे आमचे मत आहे. म्हणून या विषयाचा विचार आज आम्ही या जागी करीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. हा नियम कुणा अधिकाऱ्याच्या लहरीतून निघालेला नाही. हातातल्या सामानासाठी वापरली जाणारी जुन्या पद्धतीची क्ष-किरण यंत्रे बॅगेचे चित्र काढतात, म्हणजे वास्तविक तिची सावली टिपतात. एकावर एक ठेवलेल्या वस्तूंच्या सावल्या एकमेकींत मिसळतात. यंत्र त्यांना रंग देते. सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे, आणि या दोहोंच्या मधले हिरवे. साबण, पुस्तके, डब्यातला चिवडा, हे सारे नारिंगी. आणि दुर्दैव असे की बहुतेक स्फोटकेही नारिंगीच. आता लॅपटॉप म्हणजे पडदा, कवच, तारांचे जाळे आणि बॅटरी यांची एका चपट्या पेटीत झालेली दाट गर्दी. तो बॅगेतच राहिला, की त्याच्या सावलीखाली काय दडले आहे ते दिसत नाही. आणि इतर वस्तूंच्या सावल्यांमुळे त्याच्या स्वतःच्या पोटात कुणी काय भरले आहे, तेही नीट उमगत नाही. तो वेगळा आणि सपाट ठेवला की दोन्ही चित्रे निर्मळ होतात. शास्त्र आहे ते एवढेच. सातवीतल्या मुलालाही ते दहा मिनिटांत समजावून देता येईल. आम्ही आयुष्याची काही वर्षे शाळेत शिकविण्यात घालविली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे हे विधान करीत आहोत.

या शास्त्रामागे इतिहासही आहे, आणि तो विसरण्याजोगा नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आकाशातच फुटले आणि ३२९ माणसे प्राणास मुकली. ज्या प्रवाशाच्या नावाने ती घातकी बॅग चढविण्यात आली होती, तो प्रवासी विमानात चढलाच नव्हता. त्या दिवशी टोरांटो येथे सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले होते आणि उरलेल्या बॅगा हातात धरावयाच्या एका भरवसा नसलेल्या उपकरणाने तपासून पुढे ढकलण्यात आल्या होत्या. पुढे २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन अ‍ॅम कंपनीचे विमान कोसळले. विमानातली २५९ आणि गावातली ११ माणसे मेली. तेथे बॉम्ब दडविला होता तो एका रेडिओ-कॅसेट यंत्रात. घरोघरी दिसणारे निरुपद्रवी उपकरण मृत्यूचे वाहन होऊ शकते, हा धडा जगाने त्या दिवशी घेतला. ‘कनिष्क’नंतर, १९८७ मध्ये, आपल्याकडे विमान-सुरक्षेचे स्वतंत्र खाते झाले. १९९९ च्या डिसेंबरात भारतीय विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले, त्यानंतर २००० सालापासून विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास प्रारंभ झाला. तेव्हा तपासणी हवी की नको, हा वादाचा प्रश्नच नाही. ती हवीच, आणि ती कसोशीने व्हावयास हवी.

मग आमची तक्रार कशाबद्दल आहे? आमची तक्रार आहे ती तपासणीचे सोवळे झाले आहे याबद्दल. सोवळ्याच्या मुळाशी स्वच्छतेचा विचार आहे, असे त्याचे समर्थक सांगत असत. कालांतराने विचार विसरला गेला आणि आचार तेवढा उरला. धुतलेले वस्त्र नेसले म्हणजे माणूस शुद्ध झाला, मग त्याच्या विहिरीचे पाणी कितीही गढूळ असो! विमानतळावर आज हेच घडत आहे. लॅपटॉप बाहेर आला, ट्रेमध्ये पडला, पट्ट्यावरून सरकला. आता आपण सुरक्षित झालो, अशी समजूत प्रवाशाची होते, शिपायाची होते आणि दिल्लीतल्या अधिकाऱ्याचीही होते. कारण विसरून पाळलेला नियम माणसाची दक्षता वाढवीत नाही. तो ती झोपवितो.

याचा पुरावा पाहावयाचा असेल तर सोमालियाकडे पाहावे. २ फेब्रुवारी २०१६ रोजी मोगादिशूहून निघालेल्या दाल्लो एअरलाइन्सच्या विमानात लॅपटॉपमध्ये लपविलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. विमानाच्या कुशीला भोक पडले आणि ज्याच्याजवळ बॉम्ब होता तोच त्यातून बाहेर फेकला जाऊन मेला. विमान अद्याप फार उंच गेलेले नव्हते, म्हणूनच ते परत फिरून सुखरूप उतरू शकले. पुढे तेथील सरकारने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तो लॅपटॉप विमानतळावर काम करणाऱ्या माणसांनीच त्या प्रवाशाच्या हाती दिल्याचे तीत दिसत होते. म्हणजे हजारो सभ्य प्रवाशांचे लॅपटॉप ट्रेमध्ये मांडले जात असताना नेमका तो एक लॅपटॉप आतल्या माणसांच्या हातून पुढे गेला. पुढच्या दाराशी सोवळे आणि मागचे दार उघडे!

दुसरी गोष्ट पडद्यासमोर बसलेल्या तपासनिसाची. सारी भिस्त आहे ती त्याच्या दोन डोळ्यांवर. एकामागून एक सरकणाऱ्या रंगीत सावल्यांकडे माणूस किती वेळ खरोखर पाहू शकतो? युरोपातील नियमांनी सलग पाहण्याची मर्यादा साधारणतः २० मिनिटांची ठरविली आहे. तपासनीस सावध राहावा म्हणून यंत्रेच मधूनमधून एखाद्या बॅगेच्या चित्रात खोट्या शस्त्राचे किंवा बॉम्बचे चित्र मिसळतात आणि त्याने ते ओळखले की नाही याची नोंद ठेवतात. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. सुरक्षा ट्रेमध्ये नसते. ती त्या खुर्चीवरील माणसाच्या विश्रांतीत, त्याच्या शिक्षणात आणि त्याच्या जोडीला पुरेशी माणसे आहेत की नाहीत यात असते. सकाळच्या गर्दीत रांग दारापर्यंत पोचली असताना त्याच्यावर घाईचा जो भार पडतो, तो कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेला नसतो. प्रवासी मात्र लॅपटॉप काढावा लागला म्हणून कुरकुरतो. तो पाहणाऱ्याचे डोळे थकले आहेत काय, हे विचारीत नाही. खरा विचारावयाचा प्रश्न तोच आहे.

नियम हे वेदवाक्य नव्हे, याची उदाहरणे आपल्याच डोळ्यांसमोरची आहेत. हातातल्या प्रत्येक पिशवीला कागदी चिठ्ठी बांधून तिच्यावर शिक्का मारून घेण्याचा विधी आपल्या विमानतळांवर वर्षानुवर्षे चालू होता. चिठ्ठी विसरलेल्या प्रवाशाला विमानाच्या दारातून परत फिरावे लागे. १ एप्रिल २०१७ पासून मुंबईसह सात विमानतळांवर तो बंद झाला. कॅमेऱ्यांची व्यवस्था सुधारली आणि आभाळ कोसळले नाही. अमेरिकेत बूट काढण्याची सक्ती जुलै २०२५ मध्ये उठविण्यात आली. उलट दिशेचेही उदाहरण आहे. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने आठ देशांतील दहा विमानतळांवरून येणाऱ्या विमानांत लॅपटॉप जवळ बाळगण्यासच मनाई केली. दुबई, अबुधाबी आणि दोहा त्यांत होते. मुलाबाळांना भेटण्यासाठी वा नोकरीसाठी त्या मार्गाने अमेरिकेला जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना लॅपटॉप विमानाच्या पोटातील सामानात टाकावे लागले. वास्तविक बॅटरीने पेट घेतला तर तो प्रवाशांच्या डोळ्यांसमोर घ्यावा, म्हणजे विझविता येतो, असे जाणते सांगत आले होते. प्रवासी विमानातून लिथियम-आयन बॅटऱ्यांची मालवाहतूक आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १ एप्रिल २०१६ पासूनच थांबविली होती. एका भयावर उपाय करताना दुसरे भय पत्करले गेले. तपासणी कडक होताच जुलै २०१७ मध्ये ती मनाई उठली. तात्पर्य, शहाणे राज्यकर्ते नियम तपासतात, बदलतात, प्रसंगी मागेही घेतात. ज्याची फेरतपासणी होत नाही तो नियम नव्हे. ती रूढी होय.

लॅपटॉपच्या बाबतीत तर रूढीतून सुटण्याचा मार्ग ठाऊक झालेला आहे. रुग्णालयात शरीराचे सी.टी. स्कॅन करतात, त्याच तत्त्वावर चालणारी यंत्रे आता बॅगांसाठी निघाली आहेत. ती बॅगेभोवती क्ष-किरण फिरवून तिची कापाकापांनी चित्रे घेतात. तपासनिसाला ती बॅग पडद्यावर फिरवून सर्व अंगांनी पाहता येते, आणि लॅपटॉप आतच राहतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावर २०२१ पासून, लंडनच्या सिटी विमानतळावर २०२३ पासून ही व्यवस्था आहे. ही यंत्रेही निर्दोष नाहीत. त्यांच्या भरवशावर सैल केलेले द्रवपदार्थांचे निर्बंध युरोपला सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा घालावे लागले. तरीही लॅपटॉपपुरते पाहता त्यांची उपयुक्तता सिद्ध झाली आहे. आपल्याकडे वर्षाला ५० लाखांहून अधिक प्रवासी असलेल्या विमानतळांवर ती २०२३ च्या अखेरीपर्यंत बसवावीत असे ठरले होते. बंगळूरला त्याच डिसेंबरात चाचणीही झाली. मुदत आली आणि गेली. प्रवासी पाच मिनिटे उशिरा आला तर विमानाचे दार त्याच्यासाठी उघडत नाही. सरकारी मुदतीला मात्र असे दार नसते काय?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. रांगेच्या आरंभीच, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, लॅपटॉप का काढावयाचा हे दोन वाक्यांत लिहिलेला ठळक फलक लावावा. कारण सांगितल्याने गुपित फुटते हा बहाणा चालणार नाही. दुष्टाला ते कारण केव्हाच ठाऊक आहे, अंधारात आहे तो सज्जन. टॅबलेट, कॅमेरा, चार्जर, पॉवर बँक यांचे काय करावयाचे, हे देशभर एकाच रीतीने ठरवावे. यंत्रे निराळी म्हणून रीत निराळी असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. नवी मुंबईच्या विमानतळाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले. एकाच महानगराच्या दोन विमानतळांवर प्रवाशाला दोन निरनिराळे धडे गिरवावे लागू नयेत. नवी यंत्रे कुठे बसली, कुठे नाही आणि का नाही, याचा हिशेब सरकारने संसदेपुढे ठेवावा. तपासनिसांची संख्या आणि त्यांची विश्रांती यांत काटकसर करू नये. आणि विमानतळावर काम करणाऱ्या प्रत्येकाची झडती प्रवाशाइतकीच काटेकोर असावी.

आता चार शब्द आमच्या वाचकांनाही. शिपायाने लॅपटॉप काढावयास सांगितले म्हणजे आपला अपमान झाला असे मानणारा एक वर्ग आपल्यात आहे, आणि तो अशिक्षित नाही. ‘मी कोण आहे ठाऊक आहे का?’ हा प्रश्न त्याच्या ओठांवर सदैव तयार असतो. त्या शिपायाला हे ठाऊक नसते आणि नसावे, यातच लोकशाहीची शोभा आहे. पहाटे तीनपासून उभा असलेला तो माणूस आपला शत्रू नव्हे. ज्याला स्वतःलाही नियमाचे कारण कधी नीट सांगितले गेले नसेल असा तो आपलाच बांधव आहे. त्याच्यावर खेकसल्याने नियम बदलत नाही. तो बदलावयाचा तर खासदाराला पत्र लिहावे, खात्याला जाब विचारावा, वर्तमानपत्रांना कळवावे. रांगेत नम्र आणि रांगेबाहेर आग्रही, असा नागरिक आपल्याला हवा आहे. दुर्दैवाने आपण बहुधा याच्या नेमके उलट वागतो.

भीतीने मानलेला नियम पहारेकऱ्याची पाठ फिरेपर्यंत टिकतो. समजून मानलेला नियम पहारेकरी नसतानाही टिकतो. हे ज्याला उमगले आहे त्या प्रवाशाची नजर शेजारच्या बेवारस पिशवीकडे आपोआप जाते, आणि तो आवाज देतो. असे हजारो जागते डोळे कुठल्याही यंत्राने विकत मिळत नाहीत. ते मिळविण्याची किंमत एक फलक आणि दोन सरळ वाक्ये एवढीच आहे. एवढी किंमत मोजण्याची सरकारची तयारी नसेल, तर त्याला प्रवाशांची सुरक्षा हवी आहे की नुसते त्यांचे आज्ञापालन, असा प्रश्न आम्हाला विचारावाच लागेल.