साठीनंतरचा शृंगार : पावडर स्वस्त, निवड अवघड

वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले आणि चेहऱ्याच्या पावडरीवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. केसांचे तेल, शाम्पू आणि अंगाचा साबण यांनाही हीच सवलत मिळाली. कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या आणि पेन्सिलीचे सोडून इतर काजळ यांवर तर २०१७ पासूनच हा कर नाही. घरातील वयस्कर स्त्रीच्या आरशापुढील फळीवर जे मोजके सामान असते, त्यापैकी बहुतेक अशा रीतीने करमुक्त किंवा अल्प कराचे झाले. मात्र साठीनंतरच्या त्वचेला ज्यांची खरी गरज असते, त्या ओलावा राखणाऱ्या क्रीमवर आणि उन्हापासून बचाव करणाऱ्या सनस्क्रीनवर १८ टक्के कर कायम राहिला. जे लावले नाही तरी चालेल ते स्वस्त झाले आणि जे लावायला हवे ते महागच राहिले, असा या बदलाचा अर्थ निघतो.

हा अर्थ दिघीसारख्या उपनगरात अधिक ठळकपणे जाणवतो. आळंदी रस्त्यावरील हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले. एका बाजूस लष्करी आस्थापना आणि दुसऱ्या बाजूस भोसरीची औद्योगिक वसाहत असल्याने निवृत्त सैनिकांची व कामगारांची कुटुंबे येथे स्थिरावली. मूळ गावकऱ्यांची जुनी घरे आहेत, नवऱ्याच्या बदल्यांबरोबर देशभरच्या छावण्या पाहिलेल्या स्त्रिया आहेत आणि मुलाच्या नोकरीमुळे गाव सोडून उतारवयात शहरात आलेल्या आयाही आहेत. या तिन्ही प्रकारच्या स्त्रियांचे आयुष्य आज पूर्वीच्या आजीसारखे घरापुरते राहिलेले नाही. ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक, बँकेतील हयातीचा दाखला, सोसायटीतील हळदी-कुंकू आणि परगावच्या नातवंडांशी मोबाइलवर समोरासमोर होणारे बोलणे या सगळ्यांसाठी त्यांना नीटनेटके दिसावेसे वाटते. प्रश्न एवढाच, की लावायचे काय आणि किती?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटी ३८ लाख होती आणि त्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक, म्हणजे सुमारे ५ कोटी २८ लाख होत्या. एवढ्या मोठ्या वर्गाकडे प्रसाधनांचा बाजार प्रामुख्याने ‘वय लपवा’ हा एकच संदेश घेऊन जातो. घरातून मिळणारा संदेश याच्या नेमका उलट असतो : ‘आता या वयात कशाला?’ या दोन टोकांच्या मध्ये साध्या, रोजच्या आणि निरुपद्रवी प्रसाधनाची माहिती सांगणारा आवाज क्वचितच ऐकू येतो.

त्वचा बदलते, सवय तीच राहते

आज सत्तरीत असलेल्या मराठी स्त्रीच्या तरुणपणी प्रसाधन म्हणजे स्नो, पावडर, काजळ आणि कुंकू. टाटा ऑइल मिल्सने १९५२ साली लॅक्मे सुरू केली असली, तरी निमशहरी घरांत लिपस्टिक पोहोचायला पुढे बराच काळ जावा लागला. त्यामुळे स्नो-पावडरीची सवय या पिढीच्या हातात पक्की बसली आहे. सवय टिकली, पण ज्या त्वचेसाठी ती लागली होती ती त्वचा मात्र राहिली नाही.

रजोनिवृत्तीनंतर शरीरातील इस्ट्रोजेन घटते. त्वचेला घट्टपणा देणारे कोलाजेन हे प्रथिन त्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते, असे अभ्यास सांगतात. तेलग्रंथी मंदावतात, त्वचा पातळ आणि कोरडी होते. तरुणपणी चेहऱ्यावरचे तेल शोषून घेणारी पावडर उपयोगाची होती. आता शोषून घ्यायला तेल उरलेले नसते, त्यामुळे तीच पावडर त्वचा आणखी कोरडी करते, सुरकुत्यांत साचते आणि वय आहे त्याहून अधिक दाखवते. पावडरीतील टाल्क या खनिजाचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ साली ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला आहे. यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण डबा उपडा करून पावडर फासण्याची आणि तिची धूळ नाकातोंडात जाऊ देण्याची सवय सोडायला हे निमित्त पुरेसे आहे.

म्हणूनच साठीनंतरच्या प्रसाधनाचा क्रम बदलावा लागतो. सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुतल्यावर तो किंचित ओलसर असतानाच बिनवासाचे, साधे मॉइश्चरायझर लावावे. बाहेर पडायचे असेल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक क्षमतेचे सनस्क्रीन लावावे. वांग आणि काळे डाग यांवर पैसे खर्चण्यापूर्वी ऊन अडवणे आवश्यक असते, कारण उन्हाने हे डाग गडद होतात. एवढे केले तरी चेहरा पुष्कळसा उजळ आणि ताजा दिसतो. त्यावर फाउंडेशन हवेच असेल तर पातळ, क्रीमच्या स्वरूपातील आणि आपल्याच वर्णाचे निवडावे. रंगाची पारख मनगटावर किंवा दुकानातील दिव्याखाली करू नये. जबड्याच्या कडेला ठिपका लावून दिवसाच्या उजेडात पाहावे. पावडर लावायचीच झाली तर नाक आणि कपाळ एवढ्यापुरतीच, हलक्या हाताने लावावी.

विरळ झालेल्या भुवयांना पेन्सिलीच्या हलक्या रेघा पुरतात. काळ्यापेक्षा करडी किंवा तपकिरी छटा पिकलेल्या केसांना शोभते. ओठ कोरडे असतील तर आधी लिप बाम लावून, मग ओठांच्या मूळ रंगाच्या जवळची मऊ लिपस्टिक लावावी. पूर्णपणे सुकणाऱ्या, दिवसभर टिकणाऱ्या लिपस्टिकमुळे ओठांवरील भेगा अधिक उठून दिसतात. काजळ लावायचे असेल तर ते स्वतःचे आणि ताजे असावे. सुरम्यात शिशाचे संयुग असू शकते, त्यामुळे तो टाळावा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नेत्रतज्ज्ञाची परवानगी मिळेपर्यंत डोळ्यांना कोणतेही प्रसाधन लावू नये. गडद नेलपॉलिशमुळे बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचे आकडे चुकू शकतात, हेही दवाखान्यात वारंवार जावे लागणाऱ्या स्त्रियांनी ध्यानात ठेवलेले बरे.

टिकलीमागचा डाग

वयस्कर मराठी स्त्रीच्या प्रसाधनात सर्वांत जुना आणि सर्वांत निर्धास्तपणे वापरला जाणारा पदार्थ कुंकवाचा. बोटाने मेण लावून त्यावर पिंजर कुंकू टेकवण्याची पद्धत गेल्या काही दशकांत मागे पडली आणि तिची जागा चिकटणाऱ्या टिकलीने घेतली. टिकलीच्या डिंकात वापरल्या जाणाऱ्या काही रसायनांमुळे, विशेषतः पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉलमुळे, त्या जागेची त्वचा रंग गमावते, हे त्वचारोगशास्त्रात नोंदले गेले आहे. वर्षानुवर्षे एकाच जागी टिकली लावणाऱ्या स्त्रीच्या कपाळावर प्रथम खाज, नंतर पांढरा ठिपका दिसू लागतो. तो झाकण्यासाठी आणखी मोठी टिकली लावली जाते आणि डाग तिच्याबरोबर वाढत जातो.

खाज सुटताच टिकली थांबवणे आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणे हा यावरचा पहिला उपाय होय. रात्री टिकली काढून ठेवणे ही साधी शिस्त प्रत्येकीने पाळण्यासारखी आहे. कुंकवाकडे परतायचे झाल्यास तेही पारखून घ्यावे लागते. हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून केलेले कुंकू आणि रासायनिक रंग मिसळलेले सुटे कुंकू दिसायला सारखेच असते. सुट्या पुडीवर ना उत्पादकाचे नाव असते, ना घटकांची यादी.

गोरेपणाच्या आशेत पारा

याहून गंभीर धोका गोरेपणाच्या क्रीममध्ये दडलेला आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० साली ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. जाहिरातींची भाषा अशी बदलली, तरी समाजातील आस तीच राहिली. या आशेचा फायदा नामांकित कंपन्यांपेक्षा बिननावाच्या डब्या अधिक घेतात. अकोल्यातील एकाच घरातील तिघींना जडलेल्या मूत्रपिंडाच्या विकाराचा संबंध चेहऱ्याच्या क्रीमशी असल्याचे २०२३ साली उघड झाले. मुंबईत झालेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला. या तिघींत आई आणि मुलीही होत्या; म्हणजे एक डबी घरातील दोन पिढ्यांनी वापरली होती. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनीही अशाच रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आहे.

कायदा याबाबत मोघम नाही. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार प्रसाधनांत पारा वापरता येत नाही. नकळत राहिलेला अंशही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. केवळ डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी ही मर्यादा सत्तर भागांची आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ साली जिनिव्हा येथे, पारा घातलेली सर्व प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरवले. भारत या कराराचा सदस्य आहे. स्टेरॉइड असलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यावरही केंद्र सरकारने २०१८ साली निर्बंध आणले. तरीही वांग घालवण्यासाठी ‘शेजारणीला गुण आला’ म्हणून अशी मलमे चेहऱ्यावर चोळली जातात. मुळातच पातळ झालेली साठीनंतरची त्वचा त्याने आणखी पातळ होते.

केसांच्या कलपाचेही असेच आहे. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस असतो. ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकले जाते, त्यात बहुधा पीपीडी हे रसायन असते आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडासा कलप लावून २४ तास वाट पाहावी, ही सूचना अशा कलपाच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. परंतु ती इतक्या बारीक अक्षरांत असते, की ज्यांच्यासाठी ती छापलेली, त्या चाळिशीच्या चष्म्यातूनही ती वाचू शकत नाहीत.

परवानगी कोणाची?

आरोग्य आणि किंमत यांच्यापलीकडे आणखी एक प्रश्न उरतो आणि तो अधिक अवघड आहे. साठीनंतरच्या अनेक स्त्रियांच्या शृंगाराचा निर्णय आजही नवऱ्याच्या हयातीशी बांधलेला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावातून बंद केल्या. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले.

हा ठराव गावांसाठी होता. दिघीची ग्रामपंचायत १९९७ सालीच इतिहासजमा झाली; येथे ग्रामसभा नाही आणि महापालिकेच्या सभागृहात कोणाच्या कपाळावरचे कुंकू हा विषय सहसा येत नाही. शहरात बांगड्या फोडण्याचा विधी कदाचित चार लोकांदेखत होत नसेल. परंतु नवरा गेल्यावर स्त्रीने आपणहून लिपस्टिक ठेवून द्यावी, फिकी साडी नेसावी आणि हळदी-कुंकवाच्या दिवशी घरातच थांबावे, ही अपेक्षा सदनिकेच्या दारातही तशीच उभी असते. गावाने ठराव करून जे मोडले, ते शहरात घरोघरी, एकेका कुटुंबाने मोडावे लागते. सुनेने सासूला आवर्जून हळदी-कुंकवाला नेणे, किंवा मुलाने आईसाठी सनस्क्रीनची बाटली आणणे, इतक्या साध्या गोष्टींतून ते होऊ शकते.

त्यासाठी दिघीला दूर पाहण्याचीही गरज नाही. दर ज्येष्ठात आळंदीहून निघालेली माउलींची पालखी याच रस्त्याने पुण्याकडे जाते. तिच्याबरोबर चालणाऱ्या वयस्कर स्त्रियांच्या कपाळावर गंध आणि बुक्का असतो. तो लावताना कोणी कोणाला सौभाग्याविषयी विचारत नाही. परंपरेचे नाव घेऊन शृंगार नाकारणाऱ्यांनी ही परंपराही ध्यानात घ्यायला हवी.

सरकारने सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर यांना पावडरीच्याच कर-गटात आणणे, अन्न व औषध प्रशासनाने सुट्या कुंकवाकडे आणि बिननावाच्या क्रीमकडे नियमित लक्ष देणे आणि वेष्टनावरील सूचना मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापल्या जाणे, या तीन गोष्टी अशक्य नाहीत. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर यांच्या बरोबरीने त्वचेचीही तपासणी होऊ शकते. तोपर्यंत खरेदी करताना उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी एवढे पाहिले तरी मोठा धोका टळतो. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, हलकी लिपस्टिक आणि आपल्या आवडीचे कुंकू एवढ्या चार वस्तूंत साठीनंतरचा रोजचा शृंगार पुरा होतो. त्यांपैकी कोणती लावायची आणि कोणती नाही, हे ठरवण्याचा अधिकार बाजाराचा नाही आणि शेजारपाजाऱ्यांचाही नाही. तो आरशासमोर उभ्या असलेल्या स्त्रीचा आहे.