धांव आणि दान

२००४ सालीं सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनची पूर्ण शर्यत ४२.१९५ किलोमीटरांची आहे. परंतु तिच्यांतील सुमारें ६ किलोमीटरांच्या धांवेंत नवशिकेही सामील होऊन धर्मादाय संस्थांसाठीं वर्गणी मिळवितात. पैसेच द्यावयाचे तर धांवावें कशाला, असें कोणी विचारील. आमच्या मतें, मागणारा स्वतः घाम गाळतो तेव्हां देणाऱ्यास त्याच्या शब्दाची खात्री पटते.

याकरितां मुंबईसच जावें असें नाहीं. विद्यार्थ्यांनो, नागोठण्यास अंबेच्या कांठीं पहाटे थोडें धांवा, दम लागतांच चाला. अंतर बेताबेतानें वाढवा. पहिला रुपया स्वतःचा घाला, मग शेजाऱ्यापाशीं मागा आणि पैपैचा हिशेब द्या. पालकांनीं मात्र मुलांच्या नांवें परस्पर रक्कम भरूं नये. त्यानें वर्गणी वाढेल, मूल वाढणार नाहीं.