पर्याय नव्हता म्हणून आवडलं?

मे महिन्याच्या सुट्टीत पाहिलेल्या चित्रपटांचा आणि मालिकांचा विषय निघाला की हल्ली एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : ‘तेव्हा वाहिनी एकच होती. जे लागेल ते बघायचं. बघून बघून तेच आवडतं झालं. त्यात गुणवत्ता कसली?’ हे म्हणणं मला अजिबात मान्य नाही. का मान्य नाही ते नीट मांडलं पाहिजे, कारण याच युक्तिवादाच्या आडून आज मुलांपुढे वाटेल ते ठेवलं जातं.

आधी त्यातलं खरं तेवढं मान्य करतो. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं आणि पुढे कित्येक वर्षं बहुतेक मराठी घरांना तेवढंच ठाऊक होतं. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी निम्मी चाळ जमायची. दुसरं काही बघायची सोय नव्हती, हे निर्विवाद.

पण मग त्याच वाहिनीवरचे कितीतरी तास आपण साफ विसरलो, त्याचं काय? कंटाळवाणी भाषणं, उपदेशाचा काढा पाजणारे बालकार्यक्रम, सुमार नाटुकली यांनाही तोच एकमेव पडदा मिळाला होता आणि समोर बसलेली मुलंही तीच होती. पर्याय नसणं हेच आवडण्याचं कारण असतं, तर हे सगळंच आवडतं व्हायला हवं होतं. मुलांनी निवड केली होती. हातात रिमोट नसतानाही केली होती.

आणि निवडलं काय, ते पाहा. ‘श्यामची आई’ हा 1953 सालचा चित्रपट. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. आमच्या पिढीनं तो टीव्हीवर पाहिला तेव्हा तो जुना झाला होता, काळा-पांढरा होता आणि त्यात एकही गुळगुळीत दिलासा नव्हता. कर्ज, अपमान, आजारपण आणि शेवटी आईचा मृत्यू. आज एखाद्या वाहिनीकडे अशी कथा नेली तर ‘मुलांना हे झेपणार नाही’ म्हणून परत पाठवतील. आम्हाला झेपलं. रडलो, शेजारी बसलेल्या आजीला प्रश्न विचारले, आजीनं उत्तरं दिली. साने गुरुजींची कथा, आचार्य अत्र्यांचं दिग्दर्शन, वसंत देसाईंचं संगीत. यांतल्या कुणीही ‘मुलांसाठीच तर आहे’ म्हणून हात आखडता घेतला नव्हता.

हेच वसंत देसाई 1974 मध्ये पुन्हा भेटतात, ‘एक अनेक और एकता’ या जेमतेम सात मिनिटांच्या ॲनिमेशनपटात. त्यामागे विजया मुळे होत्या, चित्रं हलती केली भीमसेन यांनी. दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत लागणारी ती फिल्म हिंदी धड न येणाऱ्या मराठी मुलांनाही पाठ होती. सात मिनिटांच्या कामाला इतका मोठा संगीतकार लागतो असं तेव्हा कुणाला तरी वाटलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1993 च्या ‘जंगल बुक’चंही तसंच. मूळ मालिका जपानी, पण हिंदीत आणताना गीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा.

दुसरा आक्षेप उसनवारीचा. ‘झपाटलेला’ या मराठी चित्रपटाची कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या हॉलिवूडपटावरून घेतलेली, मग त्याचं कौतुक कशाला? कल्पना तिकडची, हे खरं. पण त्यातल्या तात्या विंचूचा बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी, आणि त्यांच्या घरात शब्दभ्रमाची कला वडिलांपासून, त्यांच्या अर्धवटराव या बाहुल्यापासून चालत आलेली होती. तात्या विंचू साकारला दिलीप प्रभावळकरांनी. दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचा चिमणराव झाले तेही तेच, आणि मुलांसाठी ‘बोक्या सातबंडे’ लिहिलं तेही त्यांनीच. अशी माणसं हात लावतात तेव्हा उसनं बीजही आपल्या मातीत उगवतं.

‘आजची मुलं असलं काही बघत बसणार नाहीत’ हे तर पालकांनी स्वतःची सुटका करून घेण्यासाठी शोधलेलं वाक्य आहे. ‘एलिझाबेथ एकादशी’ 2014 मधला, ‘नाळ’ 2018 मधला. ‘नाळ’ तर संथ लयीचा, आपल्याला जन्म देणारी आई वेगळीच आहे हे कळलेल्या गावातल्या पोराचा चित्रपट. तरीही तो थिएटरांत उत्तम चालला, मुलांनी पाहिला. मुलांची एकाग्रता संपलेली नाही. तिला पुरेल असं काम आपण फार क्वचित करतो.

‘आमच्या वेळी सगळंच छान होतं’ म्हणणाऱ्यांच्या बाजूनंही मी उभा नाही. सगळं छान नव्हतं, हे वर सांगितलंच. शिवाय त्यांच्या उमाळ्यांमुळे माझी बाजू दुबळी होते. आपापल्या क्षेत्रातल्या उत्तम माणसांनी मुलांसाठीचं काम दुय्यम मानलं नाही, ही त्या काळातली टिकाऊ गोष्ट आहे. तिच्यासाठी एकच वाहिनी असण्याची गरज नाही. आज वाहिन्या भरपूर आहेत, पैसा आहे, तंत्र आहे. मान मात्र आटला आहे. मुलांचा कार्यक्रम म्हणजे नवशिक्याला द्यायचं काम, अशी समजूत होऊन बसली आहे. भारतीय बालचित्र समिती 1955 मध्ये केवळ मुलांच्या चित्रपटांसाठी स्थापन झाली होती. 2022 मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, आणि त्यावर मराठीत म्हणावी तशी चर्चासुद्धा झाली नाही.

म्हणून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीला माझी विनंती आहे : येत्या मे महिन्यात रोज सकाळचा एक ठरलेला तास मुलांना द्या, संग्रहातलं उत्तम ते दाखवा आणि नवं काम आजच्या नामवंत लेखक-संगीतकारांकडून मागून घ्या. आणि आईबाबांनो, त्या तासाला मुलांच्या शेजारी बसा. ती प्रश्न विचारतील.