कपाशीची पानं भेंडीसारखी का होतात? उत्तर आहे पेशीच्या आत

पांढरकवडा परिसर म्हणजे कपाशीचा पट्टा. निंदणाला मजूर मिळत नाहीत, म्हणून तणनाशकांवरची भिस्त वाढली आहे. त्यासोबत विदर्भात एक तक्रारही पुन्हा पुन्हा ऐकू येते. चांगल्या वाढलेल्या कपाशीची नवी पानं अचानक अरुंद, भेंडीसारखी होतात. अनेकांना हा विषाणूजन्य रोग वाटतो आणि औषधांवर पैसा जातो. पण बऱ्याचदा कारण असतं २,४-डी हे तणनाशक.

नेमकं काय घडतं?

पेशीत प्रथिनं सतत तयार होतात आणि मोडलीही जातात. जे मोडायचं, त्यावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी लागते. मग प्रोटिअसोम ही यंत्रणा त्याचे तुकडे करते. चिठ्ठी कोणाला लावायची, हे ठरवतात युबिक्विटिन लायगेज. ही व्यवस्था शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २००४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

झाडात वाढीला ब्रेक लावणारी काही प्रथिनं असतात. ऑक्सिन हे संप्रेरक त्या प्रथिनांना आणि लायगेजच्या 'टीआयआर१' या भागाला डिंकासारखं जोडतं. चिठ्ठी लागते, ब्रेक सुटतो, वाढ होते. टीआयआर१ची ही भूमिका २००५ मध्ये स्पष्ट झाली.

२,४-डी म्हणजे नकली ऑक्सिन. झाड खरं ऑक्सिन लवकर निकामी करतं, नकली मात्र टिकून राहतं. ब्रेक सुटलेलेच राहतात आणि वाढ वेडीवाकडी होते. गहू, मका, ऊस यांसारखी गवतवर्गीय पिकं ते सोसतात. कपाशी मात्र त्याला अतिशय संवेदनशील आहे.

मग करायचं काय?

शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेले तुषार किंवा पंपात उरलेला अंशही पुरेसा ठरतो. त्यामुळे २,४-डीसाठी पंप वेगळाच ठेवा आणि वाऱ्यात फवारू नका. कीटकनाशक किंवा बुरशीनाशक मारून ही पानं सुधारत नाहीत. बेकायदा विकल्या जाणाऱ्या एचटीबीटी बियाण्याचाही इथे उपयोग नाही, कारण ते ग्लायफोसेट सोसतं, २,४-डी नाही.

हीच 'डिंका'ची युक्ती माणसाला तारतेही. रक्ताच्या कर्करोगावरचं लेनालिडोमाइड हे औषध लायगेजलाच वापरून कर्करोगपेशींना लागणारी प्रथिनं मोडायला लावतं.

शेतात पानं वळलेली दिसली, तर दुकानात जाण्याआधी एक प्रश्न विचारा: गेल्या काही दिवसांत आसपास कोणी काय फवारलं?