नाममुद्रेचे ऋण

अभंग संपताना 'तुका म्हणे' येते, 'नामा म्हणे' येते, आणि ऐकणाऱ्याचे हात आपोआप जोडले जातात. ख्यालाच्या बंदिशीत 'सदारंग' हे नाव आले की ती रचना नियामतखानांची, हे जाणकाराला कळते. लेखणी आणि कागद सर्वांच्या हाती नव्हते, त्या काळातही आपल्या परंपरेने रचनाकाराचे नाव रचनेतच गुंफून ठेवले. ही नाममुद्रा म्हणजे अहंकाराचा उच्चार नव्हे. रचना कोणाकडून आली याची ती नोंद आहे आणि ती पुढे नेणाऱ्यावर सोपवलेली जबाबदारीही आहे.

गेल्या शतकातील हिंदी चित्रपटगीताला ही सोय लाभली नाही. ते लिहितो एक, त्याला चाल देतो दुसरा, वाद्यमेळ बांधतो तिसरा, गातो चौथा आणि पडद्यावर ओठ हलवतो पाचवा. स्वाभाविकच ज्याचा चेहरा दिसतो, गाणे त्याच्या नावावर जमा होते. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, चीनच्या आक्रमणात धारातीर्थी पडलेल्या जवानांच्या स्मरणार्थ जे गीत प्रथम गायिले गेले, त्याचेच उदाहरण घ्यावे. लता मंगेशकरांचा स्वर आणि पंडित नेहरूंचे पाणावलेले डोळे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु शब्द कवी प्रदीप यांचे होते आणि चाल नगर जिल्ह्यातील पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांची होती, हे दर प्रजासत्ताकदिनी ते गीत ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येईल?

ज्या लताबाईंचे नाव आज गाण्याआधी ओठांवर येते, त्यांनाही ते सहज मिळालेले नाही. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील त्यांच्या गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते 'कामिनी'! ते चित्रपटातील पात्राचे नाव होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा सुरू केली, तेव्हा कुठे खऱ्या गायिकेचे नाव जाहीर झाले. त्या गीताचे संगीतकार खेमचंद प्रकाश मात्र १९५० मध्येच निवर्तले. गायनाकरिता स्वतंत्र पुरस्कार नव्हता, तेव्हा लताबाईंनी पुरस्कार सोहळ्यात गाण्यास नकार दिला. पुढे 'फिल्मफेअर'ने तो सुरू केल्यावर १९५८ च्या 'मधुमती'तील गीतासाठी तो प्रथम त्यांनाच मिळाला. तात्पर्य हे, की कलावंताचे नाव कोणी आपणहून देत नाही. ते कलावंताला आग्रहाने मागावे लागते आणि श्रोत्यांनाही मागावे लागते.

नावापाठोपाठ प्रश्न येतो तो मोबदल्याचा. साठच्या दशकात गायकांना मानधनाखेरीज रॉयल्टीही मिळावी, अशी भूमिका लताबाईंनी घेतली. मानधन मिळाले की गायकाचा हक्क संपला, असे महंमद रफी यांचे मत होते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. पण या मतभेदापायी काही वर्षे ही दोन नावे एका गीतात एकत्र आली नाहीत. कवी प्रदीप यांनी आपल्या त्या अमर गीताची रॉयल्टी जवानांच्या विधवांसाठी अर्पण केली होती. ती त्या निधीपर्यंत पोहोचावी यासाठी २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. अखेर २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा काढून घेता येणार नाही, अशी तरतूद आली. सुवर्णकाळातील बहुतेक मंडळी तोवर हे जग सोडून गेली होती.

वादकांची कथा तर याहून उपेक्षेची आहे. पेटीवर सुचलेल्या चालीभोवती व्हायोलिन, चेलो, सॅक्सोफोन यांचे रान उभे करणारे संयोजक बहुतांशी गोव्याचे होते. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचा भव्य वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसूझा यांनी बांधला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या एका चित्रपटातील नायकाला त्यांचे नाव दिले गेले आणि देशभर ते विनोदाने गुणगुणले गेले. पण त्या नावाचा खराखुरा संगीतज्ञ अस्तित्वात आहे, याची बहुतेकांना कल्पनाही नव्हती. या वादकांच्या आठवणी गोळा करून त्यांचा विस्तृत इतिहास २००८ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, तो न्यूझीलंडमधील अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी. त्यांचे आभार मानतानाच, हे काम आपल्या विद्यापीठांना का सुचले नाही, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

गाणे गोड लागले, मग नाव कशाला हवे, असे कोणी म्हणेल. नाव हवे, कारण नावामुळे वाट सापडते. महाराष्ट्रातील अनेक शाळांत 'दो आँखें बारह हाथ' आणि 'गुड्डी' या चित्रपटांतील प्रार्थना म्हटल्या जातात. पहिली भरत व्यास यांनी लिहिली, दुसरी गुलजार यांनी. दोन्हींच्या चाली वसंत देसाई यांच्या. हे एकदा कळले, की मुलगा त्यांच्या 'झनक झनक पायल बाजे'पर्यंत पोहोचतो, तेथे त्याला उस्ताद अमीर खाँ भेटतात, आणि 'गुड्डी'तलेच दुसरे गीत त्याला मियाँ मल्हाराच्या दाराशी नेऊन सोडते. 'बैजू बावरा'तील मालकंसाचे भजन नौशाद, शकील बदायुनी आणि रफी या तिघांनी घडवले, हे कळले की भारतीय संगीताची कूस किती उदार आहे, हे वेगळे शिकवावे लागत नाही. नाव पुसले, की गाणे एकटे पडते; त्याचे गोत्र हरवते.

१९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीने हे गोत्र वर्षानुवर्षे जपले. गीतापूर्वी चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे सांगण्याच्या त्या साध्या शिस्तीने कित्येक पिढ्यांचे कान घडवले. आज भ्रमणध्वनीवर लाखो गाणी क्षणात उपलब्ध आहेत. पण समोर येते ते नटनट्यांचे चित्र, आणि गीतकाराचे नाव शोधावे लागते. जुन्या चालींच्या नव्या आवृत्त्यांत तर मूळ संगीतकार कोपऱ्यातील बारीक अक्षरांत उरतो.

ही शिस्त आता घराघराने उचलली पाहिजे. संमेलनात वा गणेशोत्सवाच्या मंडपात जुने गीत सादर करताना आधी चारही नावे उच्चारली जावीत. शाळेच्या फळ्यावर प्रार्थनेखाली कवीचे व संगीतकाराचे नाव लिहिले जावे. घरातील वडीलधाऱ्यांनी नातवंडांसोबत गाणे ऐकताना ते कोणाचे, एवढे सांगावे. यासाठी निधी लागत नाही, अनुदान लागत नाही. १९४९ मध्ये सामान्य श्रोत्यांनी विचारले, म्हणून 'कामिनी'मागची लता सापडली. आजच्या श्रोत्यांनी विचारले, तर खेमचंद प्रकाशही सापडतील.