ऋतूप्रमाणे वेष

चैत्र सरून वैशाख लागला, की महाराष्ट्राच्या पठारावर एकाच दिवसात तिन्ही ऋतू भेटू लागतात. पहाटे पांघरूण अंगावर ओढून घ्यावेसे वाटते. दुपारी अनेक ठिकाणी पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि वारा भट्टीतून आल्यासारखा लागतो. सायंकाळी अकस्मात ढग दाटतात, धुळीचे लोट उठतात आणि वळवाच्या टपोऱ्या सरी कोसळतात. क्वचित गाराही पडतात. घटकाभरात हवा गार होते. अशा दिवसांत घराबाहेर पडणाऱ्याने कोणता वेष करावा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

रानोमाळ हिंडणाऱ्या धनगरांनी त्याचे उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. डोक्याला मुंडासे, अंगात सैल सुती बंडी आणि खांद्यावर काळी घोंगडी, हा त्यांचा वेष. भर उन्हात हे ओझे कशाला, असे पाहणाऱ्याला वाटेल; परंतु त्यातील एकही वस्त्र निष्कारण नाही. मुंडाशाच्या वेढ्यांत हवा राहते, म्हणून उन्हाचा ताप थेट डोक्याला लागत नाही. सुती कापड घाम टिपते आणि तो घाम वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. घोंगडी दुपारी झाडाखाली अंथरता येते. वळीव आला की तिचीच खोळ होते. तिच्यावरून पाणी बराच वेळ ओघळून जाते आणि ती भिजली तरी तिची ऊब पुरती जात नाही. रात्री तीच पांघरूण बनते.

शहरात मात्र पुष्कळांचा वेष आरशाला विचारून ठरतो, आभाळाला विचारून नव्हे. घाम न शोषणारी, अंगाला चिकटणारी कृत्रिम धाग्यांची वस्त्रे ऐन उन्हाळ्यात वापरली जातात. काही शाळांतून एप्रिल महिन्यातही मुलांच्या गळ्याला टाय आणि पायांत बूटमोजे असतात. गणवेषामुळे गरीब-श्रीमंत हा भेद झाकला जातो, हे खरे. पण ती समता सैल सुती सदऱ्यानेही साधते. गळा आवळून घेणे ही थंड देशांतील सोय आहे. वैशाखाच्या उन्हात ती शिक्षा होते.

एखादा मुलगा डोक्याला पंचा गुंडाळून शाळेत आला, की त्याचे सोबती त्याला हसतात. त्या हसण्याला भिऊन तो दुसऱ्या दिवशी उघड्या डोक्याने येतो. उष्माघाताने माणसे दगावतात, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे हसणे निरुपद्रवी वाटणार नाही. हसणाऱ्यांनी त्याच्याकडून पंचा बांधण्याची रीत शिकून घ्यावी, हे अधिक शहाणपणाचे.

वेष नीटनेटका असावा, स्वच्छ असावा. त्यासाठी आरशात अवश्य पाहावे. परंतु त्याआधी एकदा दारात उभे राहून आभाळाकडे पाहावे.