देगीपाशी मुलगी का नाही?

मुलाने बिर्याणी करून पाहिली की आपण त्याला 'शौक' म्हणतो. मुलीने केली की ती 'तयार होतेय', म्हणजे लग्नासाठी. मला ही तयारी कधी पटली नाही. मी स्वयंपाक शिकले तो प्रश्न विचारून. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद का दळतात? भरताचं वांगं गॅसवरही भाजतं, मग आमच्या जळगावकडे कपाशीच्या काड्याच का लागतात? अम्मी-नानीकडे उत्तरं होती, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरी तडकत नाही. काड्यांचा जाळ झपकन चढतो आणि धूर वांग्यात शिरतो.

खानदेशात हे हुनर बायकांचंच. खापरावरचे मांडे घ्या. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत मोठा करायचा आणि तापलेल्या पालथ्या खापरावर न फाडता टाकायचा. हे ज्यांना जमतं त्यांना लग्नघरून बोलावणं येतं, मजुरी मिळते. पण धुळ्यात किंवा जळगावात आपल्या दावतीच्या मागच्या बाजूला जाऊन पाहा. देगीवर बावर्ची पुरुष, मसाल्याचा अंदाज त्याचा, पैशांची बोली त्याच्याशी. बायका कांदे चिरायला, लसूण सोलायला, भांडी घासायला, त्याही रोजाने. हॉटेलच्या भटारखान्यातही भाकऱ्या थापायला बाई, वस्ताद मात्र पुरुषच. 'देग जड असते' हे कारण मी कितीदा ऐकलंय! अहो, बावर्ची तरी ती एकटा कुठे उचलतो? दोन-चार पोरं लागतातच.

खरी अडचण रात्रीची वेळ आणि लोकांच्या नजरा. अम्मींची काळजी खोटी नाही. पण 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती सक्तीची आहे आणि त्याहून लहान जागी काम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. कांदे चिरणाऱ्या खालांना हे कोणी सांगितलंय? मोहल्ल्याच्या बैठकीत सांगायला काय हरकत आहे?

हे काही आभाळातलं मागणं नाही. मुंबईत 1975 साली प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कलकत्त्याच्या आस्मा खान लग्नानंतर इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांना स्वयंपाक येत नव्हता. 2017 मध्ये त्यांनी लंडनला 'दार्जिलिंग एक्सप्रेस' उघडलं आणि भटारखान्यात सगळ्या बायकाच घेतल्या, त्याही घरी शिकलेल्या.

तेव्हा घरातल्या पुढच्या निकाहाची बोली ठरवताना बावर्चीला विचारा: हाताखाली शिकायला एक मुलगी घ्याल का, पोरांइतक्याच मजुरीवर? मी धुळ्यात एका बावर्चीचाचांना विचारलं. ते म्हणाले, "माझी ना नाही बेटी, तिच्या अब्बूंना विचार." म्हणजे आता अब्बूंशी बोलायला हवं.